लेयर लहान केला, पुन्हा मोठा केला आणि फोटो धूसर झाला: मूळ पिक्सेल जपून आकार कसा बदलायचा

प्रश्न थोडक्यात असा आहे. फोटोशॉपमध्ये पोस्टर करताना एक फोटो लेयर म्हणून आणला, जागेत बसावा म्हणून लहान केला, एंटर दाबला आणि फाइल सेव्ह करून बंद केली. दुसऱ्या दिवशी मांडणी बदलली आणि तोच फोटो मोठा हवा झाला. ओढून मोठा केला तर धूसर. कुणीतरी ‘स्मार्ट ऑब्जेक्ट करा’ असं सुचवलं, तेही केलं, तरी काही फरक पडला नाही. मग दर वेळी फोटो नव्याने आणायचा का? आणि जिंप किंवा क्रिता या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये काम करताना हे कसं टाळायचं?

तुम्हाला मिळालेला सल्ला बरोबर होता, फक्त तो अमलात यायला उशीर झाला. स्मार्ट ऑब्जेक्ट म्हणजे डबा. डब्यात ज्या क्षणी जे ठेवाल तेवढंच त्यात राहतं. तुम्ही आधीच बारीक झालेला लेयर त्यात ठेवलात, त्यामुळे आता ते बारीक चित्रच ‘मूळ’ म्हणून जपलं जातंय. म्हणून ‘मोठं करताना धूसर कसं होऊ द्यायचं नाही’ हा प्रश्न मी थोडा वळवून घेतो. खरा प्रश्न आहे तो असा: या लेयरचं मूळ चित्र या क्षणी नेमकं कुठे आहे, आणि आकार बदलताना मी त्या मुळाला हात लावतोय की फक्त त्याच्या दिसण्याला? एवढं प्रत्येक लेयरबाबत सांगता आलं की बाकी बहुतेक निर्णय आपोआप सुटतात.

तपासायची सोपी खूण सांगतो. लेयर निवडून कंट्रोल आणि टी दाबा, मॅकवर कमांड आणि टी. हेच फ्री ट्रान्सफॉर्म, लेयरचा आकार आणि कोन बदलायचं साधन. वरच्या पट्टीत रुंदी-उंचीचे टक्के दिसतील. काल तुम्ही फोटो २५ टक्क्यांवर आणला होता आणि आज तिथे १०० टक्के दिसत असेल, तर तो साधा पिक्सेल लेयर आहे. त्याला कालचं काही आठवत नाही. आज जे आहे तेच त्याच्या लेखी पूर्ण. तिथे अजून २५ टक्केच दिसत असतील तर तो स्मार्ट ऑब्जेक्ट आहे आणि आपण मुळाच्या किती आत आहोत हे त्याला ठाऊक आहे.

आता एंटर दाबल्यावर काय होतं ते पाहू, कारण ते कळल्याशिवाय पुढच्या सूचना नुसत्या पाठ कराव्या लागतील. समजा फोटो ४००० गुणिले ३००० पिक्सेलचा आहे, म्हणजे एकूण १ कोटी २० लाख पिक्सेल. तो २५ टक्क्यांवर आणला की १००० गुणिले ७५० होतो, म्हणजे साडेसात लाख. रुंदी-उंची चौथाई झाली, पण पिक्सेल सोळाव्या हिश्शावर आले. उरलेले १ कोटी साडेबारा लाख पिक्सेल एंटरसरशी त्या लेयरमधून जातात. दुसऱ्या दिवशी तुम्ही ४०० टक्के केलंत की फोटोशॉपला पुन्हा १ कोटी २० लाख जागा भरायच्या असतात आणि हाताशी साडेसात लाखच असतात. दर १६ पिक्सेलांमागे १५ अंदाजाने भरले जातात. शेजारच्या रंगांचा मध्य काढून भरलेली जागा गुळगुळीत दिसणारच. तुम्हाला दिसलेला धूसरपणा तो हाच.

ही झीज फक्त लहान-मोठं करताना होते असं बऱ्याच जणांना वाटतं, पण फिरवतानाही ती होते. लेयर ७ अंश फिरवून एंटर दाबला, मग ‘नको’ म्हणून उलटा ७ अंश फिरवला, तर चित्र सरळ होतं पण जसंच्या तसं राहत नाही. प्रत्येक पिक्सेल नव्या जाळीवर बसवताना शेजाऱ्यांशी मिसळला जातो, तेही दोनदा. ९०, १८० आणि २७० अंशांचं फिरवणं, आडवा-उभा आरसा आणि पूर्ण पिक्सेलांनी सरकवणं, यांत काही जात नाही. पिक्सेल फक्त जागा बदलतात. बाकी प्रत्येक ट्रान्सफॉर्मला किंमत आहे.

इथेच एक सवय लावून घ्या. साध्या लेयरवर काम करावंच लागलं तर लहान करणं, फिरवणं, तिरकं करणं हे सगळं एकाच फ्री ट्रान्सफॉर्ममध्ये करा आणि शेवटी एकदाच एंटर दाबा. एंटरपूर्वी तुम्ही दहा वेळा मत बदललंत तरी पिक्सेलांची मोजणी एकदाच होते. थोडं लहान, एंटर, बघितलं, अजून थोडं, एंटर, या पद्धतीत चित्र दर एंटरला झिजतं. शिकाऊ सहकाऱ्यांच्या फाइलमध्ये मला दिसणारा धूसरपणा बहुतेकदा या चार-पाच एंटरांतून आलेला असतो, एका मोठ्या बदलातून नव्हे.

स्मार्ट ऑब्जेक्ट फोटोशॉपमध्ये २००५ साली सीएस२ आवृत्तीत आला. त्याचं काम मनाशी असं मांडा: मूळ चित्र फाइलच्या आत वेगळं ठेवलेलं असतं आणि पोस्टरवर दिसतं ती त्याची दर वेळी नव्याने काढलेली प्रत. तुम्ही २५ टक्के म्हटलंत की मुळावरून २५ टक्क्यांची प्रत निघते. मग ८० म्हटलंत तर २५ वाली प्रत टाकून दिली जाते आणि पुन्हा मुळावरूनच ८० ची काढली जाते. बदलावर बदल साठत नाहीत, कारण प्रत्येक बदल मुळापासून सुरू होतो. फाइल बंद करून महिन्याने उघडली तरी हेच.

तो करायचे दोन मार्ग रोजच्या कामात पुरतात. फोटो अजून आणायचा असेल तर फाइल मेन्यूतून ‘प्लेस एम्बेडेड’ वापरा. तो स्मार्ट ऑब्जेक्ट म्हणूनच येतो. पोस्टरच्या मापात बसवताना तो लहान दिसेल, पण आत पूर्ण असेल. फोटो लेयर म्हणून आधीच आला असेल आणि त्याला अजून हात लावलेला नसेल, तर लेयरवर उजवी क्लिक करून ‘कन्व्हर्ट टू स्मार्ट ऑब्जेक्ट’. हे पहिल्या कंट्रोल-टीच्या आधी. दुसऱ्या फाइलमधून कॉपी-पेस्ट केलेला फोटो मात्र साध्या पिक्सेलांचा लेयर म्हणून येतो, आणि प्रश्नात सांगितलेल्या घोळाची सुरुवात बहुधा तिथूनच झाली असावी. रॉ फाइलवर, म्हणजे कॅमेऱ्यातून आलेल्या, प्रक्रिया न झालेल्या फोटोवर, काम करणाऱ्यांनी कॅमेरा रॉच्या खिडकीत शिफ्ट दाबून धरावी. ‘ओपन’चं बटण ‘ओपन ऑब्जेक्ट’ होतं आणि एक्स्पोजर, व्हाइट बॅलन्ससुद्धा नंतर बदलता येतात.

सगळंच स्मार्ट ऑब्जेक्ट करावं का? नाही, ते कामावर अवलंबून आहे. टेक्स्ट लेयर आणि शेप लेयर मुळातच रेषांच्या गणितावर चालतात. ते कितीही वेळा लहान-मोठे करा, कडा स्वच्छच राहतात. त्यांना फक्त रास्टराइज करू नका, म्हणजे साध्या पिक्सेलांत बदलू नका. हाताने रंगवायचा लेयर असेल, जिथे तुम्ही सतत ब्रश चालवणार आहात, तिथे स्मार्ट ऑब्जेक्ट अडचणीचा होतो, कारण त्यावर थेट ब्रश, खोडरबर किंवा क्लोन स्टॅम्प चालत नाही. आणि एखादा पोताचा तुकडा आताच कायमचा बसवायचा आहे, मूळ फाइल वेगळी जपलेली आहे, तर साधा लेयरही पुरतो. माझा स्वतःचा नियम असा: बाहेरून आलेला प्रत्येक फोटो आणि प्रत्येक लोगो स्मार्ट ऑब्जेक्ट, मी पोस्टरवरच जे रंगवलं ते साधा लेयर. फाइल जड होते हे खरं. पण फाइल जड झाली तर जागा करता येते; गेलेले पिक्सेल परत आणता येत नाहीत.

आता जरा रेंगाळतो ते स्मार्ट ऑब्जेक्ट वापरूनही चित्र का बिघडतं यावर. ‘डब्यात ठेवलं की सुरक्षित’ एवढ्यावर थांबलेली माणसं इथेच फसतात, आणि मीही फसलो होतो.

एका प्रदर्शनाचं काम होतं. आधी हातात धरायचं छोटं पत्रक केलं, नंतर त्याच मांडणीचा चौपट मोठा फलक हवा होता. मी निर्धास्त होतो, कारण पत्रकातला प्रत्येक फोटो स्मार्ट ऑब्जेक्ट होता. शिवाय हलवाहलवीला सोपं पडावं म्हणून पाच-सहा फोटो एकत्र निवडून त्यांचा मिळून आणखी एक स्मार्ट ऑब्जेक्ट केला होता. फलकाच्या मापात तो ४०० टक्के केला आणि सगळे फोटो धूसर. आत जाऊन पाहिलं तर प्रत्येक मूळ फोटो शाबूत होता, पूर्ण मापाचा. मग धूसरपणा आला कुठून?

तो आला बाहेरच्या डब्यातून. फोटो लहान केलेले असताना त्यांचा एकत्रित स्मार्ट ऑब्जेक्ट केला की बाहेरच्या डब्याचं ‘१०० टक्के’ म्हणजे त्या क्षणीचा पत्रकातला आकार. बाहेरचा डबा आतल्या फोटोंची एकच सपाट प्रत काढतो, त्याच लहान मापाची, आणि मोठं करताना ती प्रत ताणतो. आतली मुळं शाबूत असून त्यांना विचारलंच जात नाही. म्हणून स्मार्ट ऑब्जेक्टचा पुन्हा स्मार्ट ऑब्जेक्ट करायचा असेल तर आधी आतल्याला १०० टक्क्यांवर आणा, मग गुंडाळा. नव्या आवृत्त्यांमध्ये उजव्या क्लिकच्या मेन्यूत ‘रिसेट ट्रान्सफॉर्म’ असतं, त्याने हे एका झटक्यात होतं.

आधीच गुंडाळून बसला असाल तर त्यालाही वाट आहे, मी त्या वेळी तीच धरली. बाहेरच्या डब्याच्या लघुचित्रावर दोनदा क्लिक करून आतली फाइल उघडा. तिथे इमेज साइझमध्ये जाऊन माप चौपट करा. आतले फोटो स्वतः स्मार्ट ऑब्जेक्ट असल्याने ते या वेळी आपापल्या मुळावरून नव्याने काढले जातात आणि कडक दिसतात. सेव्ह करून बंद करा. मुख्य फाइलमध्ये डबा आता चौपट दिसेल, म्हणून त्याचे ४०० टक्के पुन्हा १०० वर आणा. हे केल्यावर फोटो सुधारले.

पण मास्क, म्हणजे लेयरचा नको तो भाग न खोडता झाकणारे थर, सुधारले नाहीत, आणि त्याच दिवशी दुसरा धडा मिळाला. एका फोटोत माणसाचे मोकळे केस होते आणि मागची पार्श्वभूमी मास्कने काढलेली होती. फोटो स्वच्छ, पण केसांच्या कडा चिकट, लोण्यासारख्या. कारण असं की लेयर मास्क स्मार्ट ऑब्जेक्टच्या बाहेर लागलेला असतो. तो पांढऱ्या-काळ्या-करड्या पिक्सेलांचा साधा थर आहे, पोस्टरच्या मापाचा. फोटो आणि मास्क यांच्यामध्ये साखळीची खूण असते तेव्हा दोन्ही एकत्र लहान-मोठे होतात, पण फोटो मुळावरून नव्याने निघतो आणि मास्क मात्र साध्या लेयरसारखा झिजतो. दर एंटरला. मला त्या केसांचा मास्क मोठ्या मापावर पहिल्यापासून पुन्हा करावा लागला.

तेव्हापासून कटआउटचं काम मी कधीच पोस्टरच्या आत करत नाही. मूळ फोटो वेगळा उघडतो, पूर्ण मापावर मास्क करतो, पीएसडी (लेयर जपणारी फोटोशॉपची फाइल) म्हणून सेव्ह करतो आणि ती पीएसडी पोस्टरमध्ये प्लेस करतो. मास्क डब्याच्या आत गेल्यामुळे तोही दर वेळी पूर्ण मापावरून निघतो. गोल, चौकोन, इमारतीची सरळ कड असा आकार असेल तर व्हेक्टर मास्क वापरा. तो रेषांचा असल्याने डब्याबाहेरही झिजत नाही. बाहेरचा पिक्सेल मास्क मी फक्त मऊ ढगाळ कडांसाठी ठेवतो, जिथे थोडी झीज झाली तरी दिसत नाही.

प्लेस केलेल्या जेपीजीबाबत एक अडचण नेहमी येते. लघुचित्रावर दोनदा क्लिक केली की आतली जेपीजी उघडते. तिथे तुम्ही एखादा लेयर वाढवला आणि सेव्ह केलं, तर जेपीजीत लेयर राहू शकत नसल्याने फोटोशॉप वेगळ्या नावाने सेव्ह करायला सांगतं. तुम्ही ते करता, आणि पोस्टरमध्ये काहीच बदलत नाही, कारण बदल भलत्याच फाइलमध्ये गेले. आत लेयर लागणार असतील तर वर सांगितल्याप्रमाणे आधीच पीएसडी करून प्लेस करा, किंवा १०० टक्क्यांवर असताना स्मार्ट ऑब्जेक्टला आणखी एकदा गुंडाळा, म्हणजे बाहेरचा डबा लेयर सांभाळणारा होतो.

ब्रशचं म्हणाल तर: स्मार्ट ऑब्जेक्टवर ब्रश टेकवलात की फोटोशॉप विचारतं, रास्टराइज करू का? कामाच्या घाईत हात ‘ओके’वर जातो आणि जपलेलं मूळ त्या एका क्लिकमध्ये निघून जातं. तिथे नेहमी ‘कॅन्सल’. डाग काढायचे असतील तर वर एक रिकामा लेयर घ्या आणि क्लोन स्टॅम्प किंवा हीलिंग ब्रशच्या पट्टीत ‘करंट अँड बिलो’ निवडा. मात्र अशी दुरुस्ती पोस्टरवर केलीत तर ती फोटोबरोबर नीट मोठी होणार नाही; ती डब्याच्या आत केलेली बरी. रंग-उजेड बदलायचा असेल तर ॲडजस्टमेंट लेयर त्या फोटोला क्लिप करून, म्हणजे फक्त त्याच फोटोवर चालेल असा, लावा. त्याला आकाराचं काही देणंघेणं नाही, त्यामुळे तो कुठेही चालतो.

फिल्टरचा मुद्दा थोडा वेगळा आहे. स्मार्ट ऑब्जेक्टवर लावलेले फिल्टर स्मार्ट फिल्टर होतात, हवे तेव्हा बदलता येतात, पण त्यांची मापं पोस्टरच्या पिक्सेलांत असतात. १० पिक्सेलांचा गॉसियन ब्लर लहान फोटोवर गडद धुकं वाटतो आणि फोटो चौपट केल्यावर जेमतेम जाणवतो. फिल्टर बिघडलेला नसतो. त्याचं माप फोटोबरोबर वाढलेलं नसतं, एवढंच. मोठं केल्यावर आकडा हाताने वाढवायचा. शार्पनिंगसाठी मात्र हाच स्वभाव उपयोगी पडतो: शार्पनिंग शेवटच्या मापावरच ठरवायचं असतं, म्हणून ते मी नेहमी डब्याबाहेर, स्मार्ट फिल्टर म्हणून लावतो. सावली, कड यांसारख्या लेयर स्टाइलही फ्री ट्रान्सफॉर्मने मोठ्या होत नाहीत. त्यांच्यासाठी लेयर स्टाइलच्या मेन्यूत ‘स्केल इफेक्ट्स’ आहे. संपूर्ण फाइलच इमेज साइझने बदलत असाल तर तिथला ‘स्केल स्टाइल्स’ हा पर्याय चालू ठेवा.

इमेज साइझवरून आठवलं. संपूर्ण पोस्टर लहान केलंत तर साधे लेयर कायमचे लहान होतात, स्मार्ट ऑब्जेक्ट मात्र आतलं मूळ राखून फक्त लहान दिसू लागतात. म्हणून वेबसाठी छोटी प्रत हवी असेल तर मूळ फाइलवर इमेज साइझ चालवू नका. फाइलची प्रत करून तिच्यावर चालवा, किंवा एक्स्पोर्ट करताना माप द्या. आपण म्हणतो ‘फाइल आहेच की’, पण त्याच फाइलवर लहान माप सेव्ह झालं की ती फाइल राहत नाही.

एकच लोगो पोस्टरवर चार ठिकाणी हवा असेल तेव्हा कंट्रोल आणि जे ने केलेल्या प्रती एकाच मुळाला जोडलेल्या राहतात. एकात बदल केला की चारही बदलतात. प्रत्येकाचं मूळ वेगळं हवं असेल तर ‘न्यू स्मार्ट ऑब्जेक्ट व्हाया कॉपी’. हा फरक माहीत नसला तर एका कोपऱ्यातला लोगो पांढरा करायला जावं आणि चारही पांढरे व्हावेत, असं होतं. मूळ फाइल पोस्टरच्या पोटात ठेवण्याऐवजी बाहेर ठेवायची असेल तर ‘प्लेस लिंक्ड’ आहे. अनेक फाइलींत एकच लोगो असेल तर ते सोयीचं, पण फोल्डर हलवला की दुवा तुटतो. एकट्याने काम करणाऱ्याने एम्बेडेडच ठेवावं असं माझं मत आहे.

आता मर्यादा स्पष्ट सांगतो, कारण स्मार्ट ऑब्जेक्टकडून नको ती अपेक्षा ठेवली जाते. तो मुळातले पिक्सेल जपतो, नवे निर्माण करत नाही. आतली फाइल ८०० पिक्सेल रुंद असेल आणि पोस्टरवर तिला २४०० पिक्सेल रुंद करायचं असेल, तर दर ९ पैकी ८ पिक्सेल अंदाजाचेच असतील, डबा असो वा नसो. कुठवर मोठं करता येईल हे कळण्यासाठी आतली फाइल उघडून तिची रुंदी पाहा आणि पोस्टरवर त्या लेयरची रुंदी प्रॉपर्टीज पॅनेलमध्ये पाहा. पोस्टरवरची रुंदी आतल्यापेक्षा कमी किंवा तेवढीच असेल तोवर निर्धास्त राहा. छपाईसाठी ३०० पीपीआय, म्हणजे इंचाला ३०० पिक्सेल, धरत असाल तर १२०० पिक्सेलांचा फोटो ४ इंचांपर्यंत नीट जातो. दुरून पाहायच्या मोठ्या फलकाला याहून कमी पीपीआयही चालतं, त्यामुळे किती चालेल हे पाहणारा किती अंतरावर उभा राहणार यावर ठरतं. लोगो रेषांचा असेल, म्हणजे इलस्ट्रेटरमधून व्हेक्टर स्मार्ट ऑब्जेक्ट म्हणून पेस्ट केलेला असेल, तर त्याला ही मर्यादाच नाही.

लहान मापाच्या लोगोबद्दल आणि पिक्सेल आर्टबद्दल एवढंच: फ्री ट्रान्सफॉर्मच्या पट्टीत इंटरपोलेशनचा, म्हणजे नवे पिक्सेल कसे भरायचे याचा, पर्याय असतो. फोटोंना ‘बायक्युबिक ऑटोमॅटिक’ ठीक आहे. चौकोनी ठोकळ्यांचं पिक्सेल आर्ट मोठं करताना ‘निअरेस्ट नेबर’ घ्या आणि २००, ३०० अशा पूर्ण पटीतच करा, नाहीतर काही ठोकळे जाड आणि काही बारीक होतात. आणि चित्र कडक आहे की नाही हे ठरवताना झूम १०० टक्क्यांवर ठेवा. ३३ किंवा ६७ टक्क्यांवर दिसणारी खरखर बहुधा पडद्यापुरतीच असते; तिच्या मागे लागून लोक चांगली फाइल बिघडवतात.

इतर सॉफ्टवेअरबद्दल विचारलंत म्हणून सांगतो. क्रितामध्ये दोन चांगले मार्ग आहेत. लेयरला ‘ट्रान्सफॉर्म मास्क’ लावा, तो मास्क निवडलेला असताना ट्रान्सफॉर्म साधन वापरा. बदल मास्कमध्ये राहतो आणि लेयरचे पिक्सेल तसेच राहतात. चूक होते ती मास्कऐवजी लेयर निवडलेला राहिल्याने, म्हणून ओढण्याआधी लेयरच्या यादीत एकदा नजर टाका. दुसरा मार्ग ‘फाइल लेयर’: चित्र बाहेरच्या फाइलमधून येतं, आणि ती फाइल बदलली की इथेही बदलतं. ट्रान्सफॉर्म मास्कचं एक सुख असं की खालच्या लेयरवर तुम्ही ब्रश चालवत राहू शकता, जे फोटोशॉपमध्ये डब्याच्या आत जाऊनच करावं लागतं. चित्र काढणाऱ्यांना मी त्यासाठी क्रिता सुचवतो.

जिंपमध्ये गोष्ट वेगळी आहे. मार्च २०२५ मध्ये आलेल्या ३.० आवृत्तीत फिल्टर नंतर बदलता येण्याजोगे झाले, पण स्केल साधन लेयरचे पिक्सेल थेट बदलतं. त्यानंतरच्या विकास-आवृत्त्यांत बाहेरच्या फाइलला जोडलेला लिंक लेयर आला आहे. तुमच्याकडची आवृत्ती जुनी असेल तर साधी शिस्त पाळा: स्केल करण्याआधी लेयरची प्रत काढा, मूळ लेयरला ‘मूळ’ असं नाव द्या, त्याचा डोळा बंद करा आणि सगळ्यात खाली ठेवा. आकार बदलायचा झाला की लहान झालेली प्रत टाकून द्यायची आणि मुळावरून नवी काढायची. स्मार्ट ऑब्जेक्ट जे आपोआप करतो तेच इथे हाताने होतं. ब्राउझरमधल्या फोटोपीत स्मार्ट ऑब्जेक्ट चालतो आणि फोटोशॉपची पीएसडीही उघडते. अफिनिटीत प्लेस केलेलं चित्र ‘इमेज’ लेयर म्हणून राहतं आणि रास्टराइज करेपर्यंत आपलं मूळ रिझोल्यूशन सोडत नाही. आयपॅडवरच्या प्रोक्रिएटमध्ये असा डबा नाही. तिथे प्रत ठेवणं आणि एकाच ट्रान्सफॉर्ममध्ये सगळं आटपणं हेच दोन उपाय.

राहिला तुमच्या हातातला पोस्टर. तो लेयर मोठा करायचं आधी थांबवा. मूळ फोटो कॅमेऱ्यात, फोनमध्ये किंवा डाउनलोडच्या फोल्डरमध्ये असेलच. तो शोधा आणि ‘प्लेस एम्बेडेड’ने आणा. बिघडलेला लेयर लगेच डिलीट करू नका, त्याची अपारदर्शकता ५० टक्के करून वर ठेवा आणि त्यावर बेतून नवा फोटो त्याच जागी, त्याच कोनात बसवा. तुम्ही नंतर केलेला स्मार्ट ऑब्जेक्ट अजून असेल तर त्यावर उजवी क्लिक करून ‘रिप्लेस कंटेंट्स’नेही मूळ फोटो आत घालता येतो. त्याला लावलेले स्मार्ट फिल्टर आणि कोन टिकतात, पण मूळ फोटोचे पिक्सेल जास्त असल्याने तो एकदम मोठा येईल. तेव्हा घाबरू नका, टक्के कमी करा. जुन्या लेयरला पिक्सेल मास्क असेल तर तो ऑल्ट दाबून ओढत नव्या लेयरवर नेता येतो, पण तो जुन्याच मापाचा आहे हे लक्षात ठेवा. आकार फार वाढला असेल तर मास्क मूळ फोटोवरच नव्याने करा. जुना ताणून बसवण्यात वाया जाणारा वेळ जास्त असतो.

मूळ फोटो खरोखरच कुठेही नसेल, आणि फाइल बंद झाल्याने हिस्टरी, म्हणजे मागच्या पायऱ्यांची नोंद, हीही गेली असेल, तर लेयर आज ज्या मापाचा आहे त्याच मापात शोभेल अशी जागा त्याला मांडणीत द्या. धूसर फोटो मोठा छापण्यापेक्षा लहान, पण कडक फोटो पोस्टरला जास्त न्याय देतो. उत्तर वाचून झाल्यावर त्या फाइलमधल्या बाकीच्या लेयरवरही एकेकदा कंट्रोल-टी दाबून टक्के पाहून घ्या, आणि एस्केपने बाहेर या. ज्यांना अजून हात लागलेला नाही त्यांचे आताच स्मार्ट ऑब्जेक्ट करा. अडलं तर लेयर पॅनेलचा आणि ट्रान्सफॉर्मच्या पट्टीचा स्क्रीनशॉट द्या, त्यावरून पुढचं सांगतो.